शब्दचर्चा : सीटी स्कॅनमधला ‘डोस’

अनुवादक, शाहूपुरी : सीटीच्या संमतीपत्रात ‘रेडिएशन डोस’साठी ‘किरणोत्सर्गाची मात्रा’ चालेल का?

भौतिकशास्त्र शिक्षिका, कळंबा : किरणोत्सर्ग नको. तो कोबाल्ट-60 सारख्या पदार्थातून आपोआप होतो, बटण दाबून थांबत नाही. सीटीत क्ष-किरण नळीतून येतात. नळी बंद झाली की संपले, अंगात काही उरत नाही. किरणोत्सर्ग वाचला की बाळंतीण विचारणारच, घरी जाऊन लेकराला जवळ घेऊ का? ‘विकिरण’ही टाळा. हिंदीत ते रेडिएशन, पण आपल्या शालेय पुस्तकांत प्रकाश विखुरणं. प्रारण अचूक आहे, पण गारगोटीहून आलेल्या आजींना ‘क्ष-किरण’च कळेल.

रेडिओग्राफर, राजारामपुरी : ‘मात्रा’ म्हटलं की औषध आठवतं. नुसतं ‘डोस’ म्हटलं तर पेशंटला शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून दिलेलं औषध) वाटतं. ‘किरणांचा डोस’ लिहा. आणि ‘रुग्णाला मिळालेला’ असं मुळीच लिहू नका, ‘यंत्राने नोंदवलेला’ लिहा. पडद्यावरचा सीटीडीआय, म्हणजे डोसचा मिलिग्रेमधला निर्देशांक, अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावरून काढलेला असतो : डोक्यासाठी 16 सेंमी व्यासाचा, धडासाठी 32. धडाची जाडी 17 सेंमीच्या आसपास असलेल्या मुलाचा आकडा 32 च्या ठोकळ्यावरचा असेल, तर खरा डोस जवळजवळ दुप्पट असतो.

दुसरा आकडा डीएलपी, म्हणजे सीटीडीआय गुणिले स्कॅनची लांबी. 10 मिलिग्रे आणि 45 सेंमी, झाले 450 मिलिग्रे-सेंमी. ‘असू दे थोडं वर’ म्हणून छातीकडे 5 सेंमी जादा घेतले की 500. पहिला आकडा मात्र तोच दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

अनुवादक : आणि ‘फेज’?

रेडिओग्राफर : ‘फेरी’ लिहा, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या आधी, नंतर असा प्रत्येक वेळचा स्कॅन. त्याच भागाच्या, त्याच सेटिंगवर तीन फेऱ्या म्हणजे डीएलपी तिप्पट. कॉन्ट्रास्टआधीची फेरी खरंच लागणार आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. डोस सगळ्यात जास्त वाचतो तो इथंच.

‘सेंटरिंग’ (पेशंटला यंत्राच्या बरोबर मध्यभागी आणणं) मात्र तसंच ठेवा, ‘मध्यस्थापन’ कुणी बोलत नाही. नळी वर ठेवून स्काउट (स्कॅनआधीचं आखणीचं चित्र) काढताना टेबल उंच राहिलं तर शरीर नळीजवळ जातं, चित्रात मोठं दिसतं आणि आपोआप करंट ठरवणारी यंत्रणा एमए, म्हणजे नळीचा करंट, वाढवते. टेबल खाली राहिलं तर उलट : एमए कमी पडतो, चित्र दाणेदार येतं, पुन्हा स्कॅन करायची वेळ येते. लेझरची आडवी रेघ कुशीच्या मध्यावर आली पाहिजे. पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर घ्यायला सांगायचे. बाजूला राहिले तरी एमए वाढतो.

शिक्षिका : एमएएस (एमए गुणिले सेकंद) निम्मा केला की डोस निम्मा होतो, दाणेदारपणा मात्र सुमारे 40 टक्केच वाढतो. मुतखडा शोधताना तेवढं चालतं, यकृतातली छोटी गाठ शोधताना नाही. म्हणून ‘कमीत कमी डोस’ ऐवजी ‘तपासणीला पुरेल इतकाच डोस’ लिहा.