मुंग्या लिंबावर चढतात त्या माव्यासाठी

बुंध्याशी हळदीसारखी पावडर भुरभुरली की लिंबावरच्या मुंग्या जातात, असं काही जण सांगतात. ओट्यावर हळदीची रेघ ओढणं ठीक आहे, पण झाडावर त्या येतात गोडासाठी, आणि ते गोड देतो मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोवळी पालवी उलटून बघा. मागे मावा चिकटलेला असतो, मुंगी त्याला मिशीनं डिवचते आणि तो गोड थेंब सोडतो. त्या थेंबासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांनाही (लेडीबर्ड) हुसकून लावतात. पानांवर सांडलेल्या या चिकट्यावरच काळी बुरशी वाढते. संत्र्यावरचा कोळशी रोग असाच, फक्त तिथे चिकटा काळी माशी या किडीचा.

म्हणून आधी मावा काढा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बराचसा गळून पडतो. मग संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. कपाशीसाठी करतो तोच, घरच्यापुरतं लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून. भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर बुंध्याला काहीही लावलं तरी मुंग्या तिकडून चढतात. वारुळात उकळतं पाणी मात्र ओतू नका. वारूळ मुळांजवळ असेल तर झाडच भाजून निघतं.