पर्यावरणासाठी लावलेल्या सवयी टिकतच नाहीत, तुमच्या कशा टिकल्या?

जाईचा_मांडव:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते आज विचारूनच टाकते. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. माझा मामा फुरसुंगीला असतो. लहानपणी सुट्टीत त्याच्या विहिरीवर पोहायला जायचो आम्ही, आता त्या विहिरीचं पाणी कोणी भांड्यांनाही वापरत नाही. पुण्याचा कचरा तिथल्या डेपोत इतकी वर्षं पडत राहिला, त्याचं काळं पाणी जमिनीत मुरलं. दिवाळीत गेले तेव्हा मामी ड्रम रांगेत लावून टँकरची वाट बघत उभी होती आणि मला एकदम वाटलं की यातला थोडा कचरा माझ्या ओट्यावरून गेलाय. ते काही डोक्यातून जाईना.

म्हणून जानेवारीत यादी करून फ्रिजवर लावली. घरी खत करायचं, कापडी पिशवी, बाटलीबंद पाणी बंद, शॉवरऐवजी बादली, जवळच्या कामाला गाडी काढायची नाही, असं बरंच. अकरा गोष्टी होत्या. होळीपर्यंत त्यातली फक्त बादली उरली, ती पण सासूबाईंमुळे. खताच्या डब्यात तीन आठवड्यांत अळ्या झाल्या आणि असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, मग नवऱ्याने सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. पिशव्या घरात आठ आहेत पण भाजीवाल्यासमोर उभी असते तेव्हा हातात एकही नसते. मला मनापासून करायचंय हो, पण धरून ठेवता येत नाहीये. तुमच्याकडे काय टिकलं आणि कसं टिकलं, अगदी बारीकसारीक सांगा.

कुंडीवाली:
जाई ताई, मी सात वर्षं गॅलरीत खत करतेय, वन बीएचके आहे, तेव्हा जागेची सबब माझ्याकडे पण होती. पहिलं म्हणजे ती अकरा कलमी यादी काढून टाका. आणि सुरुवात ओल्या कचऱ्यापासूनच करा, कारण आपल्याकडच्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तोच असतो आणि फुरसुंगीला जे काळं पाणी आणि वास झाला तो मुख्यतः त्याचाच. ढिगाऱ्याखाली हवा नसते, तिथे भाजीची सालं कुजताना मिथेन होतो, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २५-३० पट उष्णता धरून ठेवतो. तीच सालं तुमच्या गॅलरीत हवा खेळती ठेवून कुजली तर मिथेन जवळपास होतच नाही.

आता तुमचा वास. वास येतो तो बहुतेक वेळा ओलं जास्त आणि कोरडं कमी झाल्यामुळे. एक वाटी ओला कचरा टाकला की एक वाटी कोरडं वर पडलंच पाहिजे. कोरडं म्हणजे वाळलेला पाला, कोकोपीट, लाकडाचा भुसा (प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि केमिकल असतं), नाहीतर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं वाळवून बारीक तुकडे करून. मी उन्हाळ्यात चिपाडांचं एक पोतं भरून ठेवते, फुकट मिळतात, वर्षभर पुरतात. मूठभर मिश्रण घट्ट दाबून बघा, बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर भुसा टाका, हातात भुगा झाला तर पाणी शिंपडा. दर दोन-तीन दिवसांनी खालून वर हलवायचं. सुरुवातीला वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून घातलं की पटकन लागतं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती चांगली.

आणि त्या अळ्या! बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असणार, मळकट रंगाच्या, चपट्या, तांदळापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा इतका भराभर खातात की मी त्यांना आता काढतच नाही. फक्त त्या आल्या म्हणजे आत ओल वाढलीये हे समजायचं. दोन ओंजळी भुसा टाकून झाकून ठेवला की कमी होतात.

सवयीचं म्हणाल तर मी वेगळा वेळ काढतच नाही. सिंकशेजारी जुनी रोळी ठेवलीये, दिवसभराची सालं आणि चहाचा चोथा त्यात निथळतो. रात्री ओटा पुसला की तोच हात पुढे रोळीकडे जातो, गॅलरीत बादलीत रिकामी, वर भुसा, झाकण, मग लाइट बंद. भुशाचा डबा बादलीला चिकटूनच ठेवलाय, दोन पावलं लांब असता तर आळस केला असता मी. रंगाच्या २० लिटरच्या तीन बादल्या आहेत, बाजूला भोकं पाडून. एक भरेपर्यंत पहिली मुरते, साधारण दोन महिन्यात काळं खत, पावसाच्या मातीसारखा वास.

जाईचा_मांडव:
कुंडीवाली ताई, किती नीट सांगितलंत! मी कोरडं काही घालतच नव्हते, नुसती सालं टाकून झाकण लावत होते. लिंबाची सालं, उरलेली आमटी, देवाची फुलं हे चालतं का?

कुंडीवाली:
फुलं चालतात, दोरा आणि प्लास्टिकची जर काढून. लिंबाची सालं थोडी आणि चिरून. आमटी गाळून घट्ट भाग तेवढा घाला, तेलकट आणि खारट फार नको. हाडं, मटण नको, मांजरं येतात. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्या बाजूला काढा.

दर्यावरचा:
ताई, मी रत्नागिरीचा, माझं फक्त पिशवीबद्दल सांगतो. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा चार महिने सगळे पिशव्या घेऊन फिरत होते, मग दुकानदारांनी परत द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी घ्यायला. मी पण त्यातलाच. माझी चूक ही होती की पिशवी घरातून आठवणीने न्यायची असं ठरवलं होतं, आणि आठवण काय राहत नाही माणसाला. आता भाजी ओतून झाली की पिशवी कपाटात जातच नाही, सरळ दाराच्या कडीला, गाडीच्या चावीबरोबर एकाच हुकाला. चावी काढायची तर पिशवी हातात येतेच. गाडीच्या डिकीत पण एक आहे घडी घालून, ती वापरली की पहिली कडीवरची तिथे जाते.

मासळीला मी स्टीलचा डबा नेतो, उभा, झाकण घट्ट लागतं तसला. पहिल्या दिवशी मासेवाल्या काकींना वाटलं वजनात गडबड करायला आणलाय, मग मी म्हटलं काकी आधी रिकामा डबा तोला. आता त्या लांबून बघूनच म्हणतात आला डबेवाला, आणि बांगडे साफ करून थेट डब्यात. घरी आल्यावर पिशवीतलं ते वासाचं पाणी नाही, ती पिशवी धुवा नाहीतर टाका हा प्रश्न नाही. आई म्हणते आमच्या वेळी सगळे केळीच्या पानात नाहीतर डब्यातच आणायचे.

तर्री_पोहा:
मी नागपूरचा. कचऱ्याचं वरती छानच आलंय, पण विजेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. वीज ही अशी गोष्ट आहे की एकदाच करायचं आणि नंतर सवय लावावीच लागत नाही. आमच्याकडे चार पंखे जुने होते, प्रत्येकी ७५ वॅटचे. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास घेतो. म्हणजे ४५ वॅट वाचले, उन्हाळ्यात दिवसाला १४ तास चालतो, चार पंख्यांचे दिवसाला अडीच युनिट, महिन्याला ७५ युनिट. आपल्याकडे अजून बरीचशी वीज कोळशाची, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आम्हाला दिसतात रोज, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे नुसत्या पंख्यांचा महिन्याला ५० किलोच्या वर झाला. चारही एकदम घेऊ नका, जो जास्त चालतो तो आधी बदला, बिलातच फरक दिसतो.

दुसरं, मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा गेला तरी आम्ही अजून कूलरवरच आहो. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॅटपर्यंत घेतो आणि कूलर दोनशे वॅटच्या आत-बाहेर. वाळ्याच्या ताट्या लावल्या की घरभर सुगंध येतो, पाणी मात्र भरपूर लागतं. तुमच्या पुण्यात एप्रिल-मे मध्ये चालेल, मुंबई-कोकणात दमट हवेत काही उपयोग नाही, तिथे पंखा आणि २६ वर एसी हेच बरं. आणि वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा चुना मारा हो, आमच्या बाबांनी ४० वर्षांपूर्वी मारलाय आणि अजून दर मार्चला मारून राहिलोय, खोलीत हात लावून फरक कळतो.

अभ्यासू_पाखरू:
सगळ्यांच्या मेहनतीबद्दल आदर आहे, तरी एक विचारतो. एवढं करून किती फरक पडणार? कारखाने, बांधकाम, वीज केंद्रं यांच्यापुढे एका घराची भुशाची वाटी म्हणजे काय? मला भीती वाटते की आपण घरात थकून जातो आणि जिथे बोलायला हवं तिथे बोलतच नाही.

कुंडीवाली:
पाखरू दादा, प्रश्न रास्त आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. घरी खत जमलं म्हणूनच मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलू शकले. २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं की ५००० चौरस मीटरच्या वरच्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा. आमच्या बिल्डरने खड्डे बांधून दिले होते, त्यात वर्षानुवर्षं तुटक्या खुर्च्या पडल्या होत्या. वास येईल, उंदीर येतील, हे सगळे आक्षेप आले, तेव्हा मी घरचं खत कागदावर घालून टेबलावर ठेवलं, म्हटलं वास घ्या. दोघा-तिघांनी खरंच घेतला. आज ६४ घरांचा ओला कचरा गेटबाहेर जात नाही. पालिका करातही सूट देते त्यासाठी, त्याची चौकशी जरूर करा.

अजून एक, पुण्यात कचरा न्यायला येतात त्या बऱ्याच बायका 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या आहेत, सुका कचरा विकून त्यांना पैसे मिळतात. आपण आमटी सांडलेला पुठ्ठा दिला की तो भंगारात जात नाही, म्हणजे त्यांची तेवढी कमाई गेली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा दिला तर त्यांना उघड्या हाताने उचकावं लागत नाही. हा फरक एका घराने पण पडतो, त्या मावशींच्या हाताला पडतो.

राईनकाठची:
मी जर्मनीत असते, एवढंच सांगते की इथे बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की पैसे परत. माझा मुलगा बाटली रस्त्यावर टाकेल हे शक्यच नाही, ते त्याचे पैसे आहेत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली आमच्या लहानपणी दुधाच्या आणि सोड्याच्या काचेच्या बाटल्या अशाच परत जायच्या की. जाई ताई, मुलाला एखादं काम पूर्ण त्याचं म्हणून देऊन बघा, मदत म्हणून नको.

जाईचा_मांडव (दीड महिन्यानंतर):
सांगायला आलेय. फ्रिजवरची यादी काढली. दोनच गोष्टी धरल्या, खताची बादली आणि कडीवरची पिशवी. चिपाडं रसवंतीवाल्या दादांनी पोतं भरून दिली वर रस पण पाजला. राईनकाठच्या ताईंचं ऐकून भुशाचा डबा मुलाकडे दिला, तो रात्री दात घासून झाले की गॅलरीत जातो, वाटी टाकतो आणि झाकण लावून ओरडतो 'झालं!'. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मी सालं तशीच टाकली होती तर मला उठवून दाखवायला घेऊन गेला. अळ्या आल्या होत्या पुन्हा, यावेळी भुसा टाकला आणि चार दिवसांत कमी झाल्या. खालच्या काकूंना वास आला का म्हणून मुद्दाम विचारलं, त्यांना बादली आहे हेच माहीत नव्हतं. आता त्या पण त्यांची सालं वर पाठवतात.

पिशवी मात्र महिन्यातून दोन-तीनदा अजून विसरते, नवऱ्याने गाडी नेली की डिकीतली त्याच्याबरोबर जाते. त्यावर काही उपाय असेल तर सांगा. पंख्याचं पुढच्या महिन्यात बघतो, हॉलमधला आधी. पहिली बादली भरत आली, ती मुरली की अर्धं खत मामीच्या परसातल्या कढीपत्त्याला न्यायचं ठरवलंय.