कंपनीने वाऱ्यावर सोडलेली स्मार्ट उपकरणं : तुमचे अनुभव लिहा

गिझरचा स्विच, दाराचं कुलूप, कॅमेरा, पंख्याचा रेग्युलेटर. विकताना 'स्मार्ट' म्हणून विकलं आणि मग कंपनीने पाठ फिरवली, असं तुमच्या घरी काही असेल तर इथे लिहा. वस्तू जळाली, आत पाणी गेलं, ते वेगळं. मला धडधाकट वस्तूंबद्दल ऐकायचं आहे, ज्यांचं अ‍ॅप किंवा सर्व्हर सांभाळायला कोणी उरलं नाही. पुण्यात कुठे मार्ग निघाला असेल तर तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. कोथरूडच्या घरी गिझरला १६ अँपिअरचा वायफाय स्विच आहे. आईची आंघोळ पहाटे असते, म्हणून पाचची वेळ लावलेली. फोन बदलला आणि स्टोअरने सांगितलं, हे अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडसाठी आहे, तुमच्या फोनवर चालणार नाही. स्विचच्या आत मात्र पाचची वेळ पक्की बसली आहे. आम्ही गावाला गेलो तरी गिझर पहाटे चालू होतो, त्यामुळे निघताना मेन स्विच पाडावा लागतो. कंपनीला मेल केला की तिकीट नंबर येतो आणि काही दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज येतो. कोणाशीही बोलणं न होता निवारण! याचा मला फार संताप येतो.

सिंहगड रोड

वडील एकटे राहतात, म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावला. घेतला तेव्हा रेकॉर्डिंग फुकट होतं, मग महिन्याचे पैसे मागायला लागले, तेही भरले. आता चित्र दिसतं, पण हालचालीची सूचना येत नाही. मला हवी होती ती तेवढीच. बाबा सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले, हे कळलं की दिवस सुरू करायचो. आता फोन करतो. त्यांना वाटतं मुलगा पाळत ठेवतोय.

वाकड

आमच्याकडे हा प्रकार बिल्डरने केला. ब्रोशरमध्ये 'होम ऑटोमेशन' होतं आणि फ्लॅटच्या किमतीत त्याचे पैसेही होते. प्रत्येक खोलीत काचेचे टच पॅनल, डीबीशेजारी (घरातल्या मेन स्विचच्या पेटीजवळ) एक हब, म्हणजे सगळी पॅनल जोडणारा छोटा डबा. पझेशननंतर काही काळातच ते बसवणाऱ्या कंपनीचा फोन लागेनासा झाला. बिल्डर म्हणतो व्हेंडरला विचारा, आणि व्हेंडर कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. आता एखादं पॅनल गेलं की तसं दुसरं मिळत नाही. साधी मॉड्युलर प्लेट त्या खाचेत बसत नाही, इलेक्ट्रिशियन म्हणतो भिंत फोडावी लागेल. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमचा दिवा त्यामुळे कायम बंद आहे, त्या टेबल लॅम्पवर भागवतात. सोसायटीच्या सभेत विषय निघतो, पण दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर अडतो.

धनकवडी

कोथरूडच्या ताई, स्विच उघडून आतली चिप पाहून घ्या. ईएसपी८२६६ असेल तर त्यात टास्मोटा नावाचं मोफत फर्मवेअर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकता येतं. मग कंपनीचा सर्व्हर लागतच नाही, घरातल्या वायफायवर ब्राउझरमधूनच वेळ बदलता येते. त्यासाठी चिप कॉम्प्युटरला जोडणारा सीरियल अडॅप्टर लागतो, तो तपकीर गल्लीत मिळेल. मात्र स्विच भिंतीतून पूर्ण काढल्याशिवाय वायर लावू नका, आतल्या बोर्डावर थेट २३० व्होल्ट असतात. नंतरच्या बऱ्याच स्विचमध्ये दुसरी चिप असते, तिथे काम अवघड होतं.

औंध

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाच्या कंपनीचा हब होता. गूगलच्या समूहातल्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला हब बंद केला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर कोणालाही न कळवता बंद पडले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादक कंपनीला जाहीर करावं लागतं. आपल्याकडेही खोक्यावर तशी तारीख छापायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हाताशी असलेलं वापरा. वाकडकर, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. तिथे तडजोड झाली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून थांबू नका. ब्रोशर, करारनामा, पावती आणि बंद पडलेल्या पॅनलचे तारखेसह फोटो आत्ताच एकत्र करा.

वाकड

ब्रोशर आहे. करारातल्या सुविधांच्या यादीतही 'ऑटोमेशन' लिहिलेलं सापडलं. काकूंकडचे फोटो आज संध्याकाळी काढतो. आमच्या भागात अजून कोणाला असेच पॅनल मिळाले असतील तर इथेच लिहा, एकत्र तक्रार करू.