मदत हवी आहे: मोरोक्कोतल्या जुन्या चांदीच्या पिना

मंडळी, वहिनीने मोरोक्कोतल्या तिझनितहून तिथल्या मूळच्या बर्बर (अमाझिघ) समाजातल्या बायकांच्या पिनांची जुनी जोडी आणली आहे. दोन मोठे त्रिकोण, मध्ये साखळी, हिरवा-पिवळा मीना आणि लाल खडे. तिकडे न शिवलेलं वस्त्र दोन्ही खांद्यांवर याच पिनांनी अडकवायचे. सोन्यापेक्षा चांदीचाच मान मोठा. घडवणारे बरेचसे ज्यू कारागीर होते, ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर देश सोडून गेले. त्यामुळे खरे जुने नग कमी आणि नकला भरपूर.

आता अडचण. ही चांदी आहे की जर्मन सिल्व्हर? लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणजे तो उपाय बाद. आमचे सोनार घासून कस लावू म्हणतात, पण मला ओरखडा नकोय. पुण्या-मुंबईत यंत्रावर, न घासता तपासून देणारं कोणी आहे का?

शिवाय खडे पोवळ्याचे असतील तर चिंच-लिंबू नकोच, आम्लाने पोवळं विरघळतं. मीन्यालाही धक्का न लावता मळ कसा काढायचा? नक्षीतला काळेपणा मात्र मला ठेवायचाच आहे, चकचकीत केली तर कालची वाटेल. कोणी अशी जुनी मीनाकारी साफ केली आहे का?