कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला गाडी तापते, हायवेला गार

रंकाळाकर: पेट्रोल गाडी आहे, ८ वर्षं जुनी. सिग्नलला थांबलो की टेंपरेचरची लाल लाईट लागते, परवा पन्हाळ्याच्या चढाला पण लागली, पण सातारपर्यंत हायवेनं गेलो तर काय नाही. गॅरेजवाला डायरेक्ट हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय म्हणतोय, खर्च ऐकून घाम फुटला.

स्पॅनर_पाना: भावा थांब, हेड लगेच खोलू देऊ नको. पळताना गार राहते म्हणजे वारं रेडिएटरला लागतंय, थांबल्यावर ते काम फॅनचं. गाडी चालू ठेवून एसी लाव, फॅन फिरतोय का बघ. नसंल फिरत तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच), मग मोटर. रिले लई स्वस्त असतोय.

घाटवाली: आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) बघितलं का? गार इंजिनवरच झाकण उघडा, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, माझ्या काकांचा हात भाजलाय. कुलंट सारखं कमी होत असेल नि सायलेन्सरमधून पांढरा धूर असेल तर गॅस्केटचा संशय घ्या.

रंकाळाकर: फॅन फिरतच नव्हता! उद्यमनगरात रिले बदलला, आता सिग्नलला पण काटा मधेच.