आमचा फौजदार : ओळखणाऱ्यांनी आठवणी लिहा

येत्या 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन. 1959 साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस जवान गेले, त्यांच्या आठवणीत देशभर हा दिवस पाळतात. वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं मुख्यालयाच्या मैदानावर वाचून दाखवतात, शोकशस्त्र होतं म्हणजे बंदुका उलट्या धरून मानवंदना देतात, हवेत फैरी झडतात. यंदाच्या यादीत आपला दोस्त आहे.

यादी अख्ख्या देशाची असते. नाव, हुद्दा, की पुढचं नाव. वाचणाऱ्याचाही नाइलाज असतो. म्हणून म्हटलं, मैदानावर जे वाचणार नाहीत ते आपण इथं लिहू या.

एकच विनंती. ढाण्या वाघ, कर्तव्यदक्ष, शूरवीर वगैरे नको. ते सगळं चौकातल्या फ्लेक्सवर लागून उतरलं. त्यानं काय केलं, काय बोलला, कुणाला शिव्या दिल्या ते लिहा. वाईटही चालेल. वहिनींचा आणि काकांचा होकार आहे, फक्त नाव-पत्ता नको म्हणालेत. आपण फौजदारच म्हणू. साधा शिपाई असल्यापासून चिडवायला म्हणत होतो, मग पठ्ठ्या खात्याची परीक्षा देऊन खरोखरच झाला.

सुरुवात मी करतो.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल सामना म्हणजे काय असतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. लहानपणी आम्ही दोघं भिंतीवर चढून सामने बघायचो. पुढं तो खात्यात गेला आणि सामन्याला त्याचा बंदोबस्त लागायला लागला. मला हेवा वाटायचा, लेकाला फुकटात मैदानात उभं राहायला मिळतंय! पण बंदोबस्तातल्या पोलिसाचं तोंड गॅलरीकडं असतं. खेळ त्याच्या पाठीमागं. आम्ही वर बोंबलतोय आणि हा खाली जाळीपाशी आमच्याकडं बघत उभा. वळून बघायची सोय नाही, कारण नेमकी गोल झाला की बाटली येते.

रात्री मिरजकर तिकटीला दूध प्यायला आला की सुरू व्हायचा. "दुसरा गोल हेडरनं झाला न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि एका झटक्यात खाली आल्या."

पेनल्टी हुकली की हात आधी डोक्यावर जातात आणि बॉल कीपरनं अडवला तर आधी तोंडातून शिवी येते, हा त्याचा शोध. बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

तुरचीचा बॅचमेट

तुरचीला पोलीस ट्रेनिंगला एका बराकीत होतो. कवायतीत हा सगळ्यांत कच्चा. "दाहिने मूड" म्हटलं की हमखास डावीकडं वळायचा, आणि शेजारी मी असल्यामुळं आमची टक्कर व्हायची. उस्ताद दोघांनाही रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. माझा दोष काय, तर मी बरोबर वळायचो. पळता पळता हा म्हणायचा, "एकट्यानं पळण्यात मजा न्हाई मर्दा." अजून राग येतो.

मात्र इस्त्री त्याच्यासारखी कुणाची नाही. लाइट गेली की तांब्यात निखारे भरून बाहीला अशी घडी पाडायचा की बोट कापेल.

गल्लीतला

माझ्याकडून पैसे घेतले होते, मीही विसरून गेलो होतो. दिवस झाल्यावर वहिनी पाकीट घेऊन आल्या. त्याच्या डायरीत शेवटच्या पानावर उधारी लिहिलेली, माझ्या नावापुढं रक्कम आणि कंसात "मागणार नाही, पण द्यायचे". मी घेईना. त्या चिडल्या, म्हणाल्या, मला त्या पानावर काट मारायचीय. मग घेतले.

महाद्वाराजवळच्या फुलवाल्या आजी सांगतात तसं नातू लिहितोय

आज्जी म्हणते, पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला तळतळाट दिला. नवरात्राची गर्दी, पाळणावाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांना मागं सरकवत होता. माझी पाटी दोनदा उचलायला लावली. ओटीचं सामान, नारळ, वेण्या, सगळं घेऊन म्हातारीनं जायचं कुठं? मी म्हटलं, तुझ्या आईला असं उठवशील का रं? तर म्हणतो, "आई आली तर तिलापण उठवीन मावशी. रांग मोडली तर माणसं चेंगरून मरतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यायच्या आधी एका कोपऱ्यात दोन विटा टाकून ठेवलेल्या. रांगेच्या बाहेर, पण दर्शनाला जाणाऱ्याच्या नजरेत येईल अशी जागा. मला बोटानं दाखवली आणि निघून गेला. तेव्हापासनं दर नवरात्रात माझी जागा ती. बाकीच्यांनी मागितली की सांगायचा, "ती मावशीची. मावशीनं मला शिव्या दिल्यात, तुम्ही दिलाय का?"

मी साहेब म्हणायची त्याला. तो म्हणायचा, साहेब गाडीत असतात, मी चालतोय.

त्र्यंबोलीच्या यात्रेला ललितापंचमीला पालखीबरोबर टेंबलाईला चालत जायचा बंदोबस्त. परत आला की माझ्या पाटीशेजारी टेकायचा, बूट काढायचा. मोजे रक्तानं पायाला चिकटलेले. मी म्हणायची घरी जा. म्हणायचा, घरी गेलो तर झोपतोय, झोपलो तर उठत न्हाई, आणि रात्री परत पॉइंट हाय.

आज्जी एवढंच म्हणाली आणि आता वेण्या ओवायला बसलीय. मी आपल्या मनानं एक घालतो : ती त्याच्याकडनं एका गजऱ्याचेपण पैसे घ्यायची नाही, आणि तो पाटीखाली नोट सरकवून जायचा. ती सापडली की आज्जी त्याला पुन्हा शिव्या द्यायची.

आंबेवाडी

2019 चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी पाण्यात. आमचे तात्या घर सोडेनात, कारण गोठ्यात दोन म्हशी. बोटीवाल्या पोरांनी समजावलं, गावातल्यांनी हात जोडले. तात्यांचं एकच, जनावरं बुडायला सोडून मी कुठं जाऊ.

फौजदार त्या बोटीत होता. काही बोलला नाही. कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यात गेला, दोन्ही म्हशींची दावी सोडली, त्यांना बाहेर हाकललं आणि तात्यांना म्हणाला, "म्हस पवती. तुम्हाला येतंय का?"

तात्यांना पोहायला येत नव्हतं. बसले बोटीत.

एक म्हैस सोनतळीच्या बाजूला मिळाली. दुसरी पाणी उतरल्यावर भलत्याच्याच दावणीला दिसली आणि तो माणूस म्हणायला लागला आमचीच. त्या भांडणातपण तात्यांनी त्यालाच फोन लावला. कानातला बिल्ला वाचून निकाल दिला. नंतर तात्या त्याला म्हशीच्या नावानंच ओळखायचे, "चंद्रीचा पोलीस".

त्याच पेठेतली

मला गोड लिहिता येणार नाही. माझ्या भावाला मटक्याच्या केसमध्ये त्यानंच उचललं होतं. एका गल्लीत वाढलेले, आमच्या घरी जेवलेला. आई रात्री त्याच्या दारात गेली, सोड म्हणाली. त्यानं तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, काकू, नाव चढलंय, आता खोडत नाही. कोर्टात वकील कोण चांगला ते सांगतो. आईनं पाणीसुद्धा प्यालं नाही. त्यानंतर किती तरी दिवस आमच्या घरातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. समोरून आला की आई दार लावून घ्यायची. तो मात्र रोज "काकू" अशी हाक मारूनच पुढं जायचा, बंद दाराला.

भाऊ आता रिक्षा चालवतो. अंत्ययात्रेला त्यानं दिवसभर माणसं फुकट ने-आण केली. आई गेली नाही. खिडकीत उभी होती. तिचं मत बदललंय असं मी म्हणणार नाही, विचारलेलंच नाही.

बहीण

दादाची भाऊबीज कधी घरात झालीच नाही. दिवाळीत त्याला सुट्टी मिळाल्याचं मला आठवत नाही. मग मीच जायची, कधी ठाण्यात, कधी नाक्यावर. ताट न्यायला जमत नाही म्हणून स्टीलच्या डब्यात निरांजन, कुंकू, सुपारी, दोन करंज्या. वाऱ्यानं वात विझायची. मग त्याचे शिपाई गोल करून उभे राहायचे, तेवढ्यात मी ओवाळून घ्यायची. डोक्यावर टोपी असायचीच, रुमाल टाकायची गरज नाही.

एका वर्षी बीडचा एक नवीन मुलगा होता, बघत उभा. दादा म्हणाला, याची बहीण लांब आहे, याला पण ओवाळ. मग दुसरा आला, तिसरा. पुढच्या वर्षीपासून मी करंज्यांचा मोठा डबा नेऊ लागले. ओवाळणी टाकायची वेळ आली की दादाचा खिसा रिकामा! ड्रायव्हरकडून घेऊन टाकायचा. (वर उधारीच्या डायरीबद्दल वाचलं. ड्रायव्हरदादा, तुमचं नाव आहे का त्यात, बघायला सांगते.)

वायरलेस मध्येच खरखरायला लागला की अर्ध्या ओवाळणीत निघून जायचा. कुंकवाचा टिळा तसाच.

त्या रात्री सोबत असलेला

नाकाबंदीबद्दल सगळे विचारतात. केस कोर्टात आहे, लिहिता येत नाही. नसती तरी लिहिलं असतं का, माहीत नाही.

आधीचं लिहितो. मला अंगात कणकण होती. साहेबांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, गाडीत बस, नोंदी तू घे, रस्त्यावर मी थांबतो. वास्तविक वही साहेबानं धरायची आणि बॅटरी आम्ही दाखवायची. मी म्हटलं, चालतंय साहेब. म्हणाले, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, लिही.

ते गाडी थांबवायचे, चौकशी करायचे, नंबर ओरडून सांगायचे, मी लिहायचो. वहीत शेवटचा नंबर माझ्या अक्षरात आहे. त्याच्यानंतर आलेली गाडी थांबली नाही.

वहिनींचा भाऊ

ताईच्या वतीनं कामाचं लिहितो. खात्यातले मित्र हे वाचत असतील, त्यांनी उद्याच्या उद्या करा.

दाजी भरती झाले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. नामनिर्देशनात आईचं नाव. आई मध्यंतरी वारल्या, लग्न झालं, मुलं झाली, हुद्दा वाढला, कागद तोच. ड्युटीच्या गडबडीत कोण बघतंय? पुढं एका कचेरीत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. वारस दाखला आणा, मग हयात-वारसांची संमती आणा, मग सेवापुस्तकातली नोंद जुळत नाही. ताई दर वेळी पोरांना शेजारी ठेवून जायची. दाजींचे सहकारी मागं लागले म्हणून सुटलं, नाहीतर अजून फिरत असती.

तर आपलं सेवापुस्तक मागून बघा. निवृत्तिवेतन, गटविमा, पगाराचं बँक खातं, प्रत्येकाचं नामनिर्देशन वेगवेगळं असतं, एकाचं बदललं म्हणून दुसऱ्याचं बदलत नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या बहुतेकांचं निवृत्तिवेतनाचं खातं निराळ्या पद्धतीचं आहे, तिथला फॉर्मही निराळा. आणि पगार होतो त्या बँकेत विचारा, पगार खात्यावर अपघात विमा आहे का आणि तो मागायची मुदत किती. आम्हाला हे एका हवालदारकाकांनी सांगितलं, नाहीतर पत्ताच नव्हता. घरात बायकोला कागद कुठं ठेवलेत ते दाखवून ठेवा. अपशकुन वगैरे काही नसतं.

धागा काढणारा

वरचं वाचून तिघांनी मला फोन केला, आमचंपण नामनिर्देशन आईच्याच नावावर आहे म्हणून. करून घ्या रे.

21 तारखेला मानवंदना सकाळी लवकर असते, नातेवाइकांना आत घेतात. घरच्यांसोबत आपण मोजकेच जाऊ. घोळका नको, घोषणा अजिबात नकोत.

भरतीवाली

उशिरा लिहितेय, कारण ट्रेनिंगला फोन रविवारीच मिळतो.

सरांनी आमच्या पेठेतल्या पाच-सहा मुलींची भरतीची तयारी घेतली. फी नाही. अट एकच, पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर, एक मिनिट उशीर झाला तर घरी. स्वतः नाइट राउंड संपवून यायचे, डोळे लाल. आम्ही 800 मीटर पळायचो आणि ते कट्ट्यावर बसून घड्याळ बघायचे. एकदा बसल्या बसल्या झोपले. आम्ही पळून आलो आणि गुपचूप अजून एक फेरी मारली, उठवायला नको म्हणून. उठल्यावर वेळ बघून म्हणाले, "एवढा वेळ? एक पण घेत न्हाईत तुम्हाला." खरं काय ते कुणी सांगितलं नाही.

गोळाफेकीत मी मार खायचे. चार किलोचा गोळा, मी दगडासारखा भिरकवायचे आणि तो पायापाशी पडायचा. सर म्हणाले, फेकू नकोस, ढकल. गोळा मानेला चिकटव, कोपर वर, आणि जोर पायातनं येऊ दे. दार ढकलतात तसं. रोज वीस वेळा. घरात मी खरंच दार ढकलायचे, आईनं बिजागरी निघाल्यावर सरांकडं तक्रार केली. त्यांनी सुतार पाठवला.

मैदानीत गोळ्याला पूर्ण मार्क पडले. इथल्या उस्तादांनी विचारलं, कुणी शिकवलं? सरांचं नाव सांगितलं तर ते म्हणाले, तो होय, तुरचीला उलटा वळायचा तो?

म्हणजे बॅचमेटकाका, तुमची टक्कर इथपर्यंत पोचलीय. मोजणीची शिट्टी झाली, जाते. रंकाळ्यावर झोपलेल्या दिवसाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, पुढच्या रविवारी वहिनींना पाठवते.