गोड्या पाण्याची तीन फुटी टाकी खाऱ्या पाण्याची करायची आहे, सल्ला हवा (सांगली)

विश्रामबागकर:
टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. लोखंडी स्टँड, रंगीत खडी, अंडरग्रॅव्हल फिल्टर (खडीखाली बसवलेली जाळीदार प्लेट), हीटर, झाकणात ट्यूबलाइट. एंजल आणि मॉली हे मासे मित्राकडे जाणार. क्लाउनफिशची जोडी ठेवायची आहे, कोरल नको. नळाला कृष्णेचं पाणी, पिण्यासाठी आरओ आहे. जुन्यातलं काय चालेल? रत्नागिरीला येणं-जाणं असतं, तिथून समुद्राचं पाणी आणि दगड आणू का?

घाटमाथा:
काच आणि हीटर चालेल. स्टँडला आधी इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या, मिठाचं पाणी ठिबकून सांधे गंजतात. खडी आणि अंडरग्रॅव्हल दोन्ही काढा. प्लेटखाली घाण साचते आणि नायट्रेट वाढत राहतं.

टाकीत पूर्वी कोणती औषधं टाकलीत ते आठवा. पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत तांबं असतं आणि ते खडीत, सिलिकॉनमध्ये मुरून राहतं. माशांना कदाचित काही होणार नाही, पण गोगलगायी आणि कोळंबी तग धरत नाहीत. तांब्याची टेस्ट किट वापरून खात्री करा.

रत्नागिरीचं पाणी नको. किनाऱ्यालगत गाळ असतो, खाडीजवळ क्षारता भरती-ओहोटीप्रमाणे बदलते, पावसाळ्यात तर फारच उतरते. दगडांचं म्हणाल तर प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. सच्छिद्र सिरॅमिकचे कोरडे दगड मिळतात, माशांच्या घाणीतला अमोनिया जिरवणाऱ्या जिवाणूंना राहायला ते पुरतात. तळाला अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, तीन सेंटिमीटर थराला साधारण १५ किलो.

क्षारमापी:
सगळं पाण्यावर अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटमुळे काचेवर आधी तपकिरी थर आणि मग केसाळ शेवाळ येतं. घरच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, पाणी मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून घ्या आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) जोडा. मीटरवर टीडीएस शून्य दिसला पाहिजे.

तुमच्या टाकीत वाळू-दगड धरून १३० लिटर पाणी बसेल. लिटरला ३७ ग्रॅम धरलं तर मरीन सॉल्ट ४.८ किलो लागेल. स्वयंपाकाचं मीठ किंवा खडेमीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हवं त्या प्रमाणात नसतं. मीठ नेहमी पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका. उलट केलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप लावून २४ तास ढवळत ठेवा, मगच मोजा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारं यंत्र) घ्या, काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर फसवतो. काचेवर दोन थेंब टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि निळी रेघ वाचा. ३५ पीपीटी (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ हवं. कॅलिब्रेशनसाठी ३५ पीपीटीचं द्रावण वापरा.

विश्रामबागकर:
जुन्या फिल्टरचा स्पंज ठेवला तर सायकल, म्हणजे अमोनिया जिरवणारे जिवाणू टाकीत वाढणं, लवकर होईल ना?

घाटमाथा:
त्यावर विसंबू नका. गोड्या पाण्यातले बहुतेक जिवाणू या क्षारतेत टिकत नाहीत, आणि मेलेला गाळ उलट अमोनियाच वाढवतो. पीएच ८.२ ला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड ०.८ ग्रॅम टाका, १३० लिटरला तेवढ्याने २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया होतो. बाजारचा नवसागर नको, त्यात भेसळ असते. हा डोस २४ तासांत जिरून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणा. चार ते सहा आठवडे जातात. घाई केलीत तर मासेच जातील.

कराडकर:
मुख्य अडचण सांगलीच्या उन्हाळ्याची. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं आणि एप्रिल-मेमध्ये खोली ३५ च्या वर जाते. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर तिरपे पंखे लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण मग रोज तीन लिटरपर्यंत पाणी उडतं. पाणी उडालं तरी मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. आठवडाभर दुर्लक्ष झालं तर ३५ ची क्षारता ४१ च्या वर जाते. काचेवर टेपने रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणा.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वीज गेली की मासे लवकर धापा टाकतात. बॅटरीचा एअरपंप आणून ठेवा. तासाला २००० लिटरच्या पुढचा पॉवरहेड (पाणी खेळतं ठेवणारा पंप) आणि प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) घ्या. सॉकेटला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन न्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

विश्रामबागकर:
जोडीबरोबर निळा टँग मासा ठेवता येईल का?

क्षारमापी:
नाही. त्याला सहा फुटी टाकी लागते. डॅमसेल मासाही नको, स्वस्त मिळतो पण सगळ्यांना चावत सुटतो. क्लाउन टाकीत पैदास झालेलेच मागा, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांची पैदास केली आहे. ते कोरडं खाणं लवकर घेतात, जोडीला अ‍ॅनिमोनही (क्लाउन ज्यात राहतात तो समुद्री प्राणी) लागत नाही. एक मोठा, एक लहान असे घ्या, मोठा मादी होतो. नंतर दर आठवड्याला १३ लिटर पाणी बदला, त्याला ४८० ग्रॅम मीठ लागेल.